‘बसविणे’ आणि ‘आवळणे’ : मोटारसायकलच्या बेंडाची गळती

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. तेथील दुरुस्तीच्या दुकानांतील बोली ऐकताना दोन क्रियापदे विशेष लक्ष वेधून घेतात : ‘बसविणे’ आणि ‘आवळणे’. इंजिनाच्या हेडापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीस मिस्त्री ‘बेंड’ म्हणतात. इंग्रजीत वाकणाचा वाचक असलेला हा शब्द मराठीत त्या वस्तूचेच नाव होऊन बसला आहे. उतरविलेला बेंड पुन्हा जोडल्यावर सांध्यातून धूर का फुटतो, याचा उलगडा वरील दोन क्रियापदांच्या क्रमात होतो.

‘बसविणे’ हे ‘बसणे’चे प्रयोजक रूप. बसणारी वस्तू स्वतः आपली जागा घेते. बसविणारा केवळ ती जागा तिला मिळू देतो. सोनार कोंदणात खडा प्रथम बसवितो व मग कड दाबतो. (स्थलनामाशी याचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) ‘आवळणे’ यात मात्र बाहेरून लावलेला जोर आहे. न बसलेली नळी आवळली, तर ती तिरपीच पक्की होते.

हेडाच्या तोंडाशी व बेंडाच्या मध्ये एक कडी असते. तिला ‘पॅकिंग’ म्हणतात. ती मऊ तांब्याची किंवा उष्णतारोधक तंतूंवर पातळ पत्रा चढविलेली असते. दाबाखाली चेपून ती बारीक खाचा भरून काढते, आणि एकदा चेपली की पुन्हा तेवढी लवत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नवी पॅकिंग घालणे इष्ट. येथेच एक फसगत वारंवार होते. जुनी पॅकिंग काजळीने इतकी चिकटलेली असते की ती हेडाचाच भाग भासते. तिच्यावर नवी चढविली की दोन्ही मिळून सांधा बिघडवितात. तोंडात बोट फिरवून कड लागते का ते पाहावे, आणि लागल्यास ती हलक्या हाताने उचकटावी. जुने नट गंजलेले असल्यास आदल्या दिवशीच गंज सोडविणारे तेल सोडावे. जोराने स्टड तुटला अथवा हेडातील आटे गेले, तर अल्प खर्चाचे काम मोठे होते.

नवी पॅकिंग खाली पडू नये म्हणून ग्रीसचे बोट लावून चिकटवितात. मग बेंड तोंडाशी धरून पुढचे दोन्ही नट केवळ हाताने फिरवावेत आणि पायटाजवळचा सायलेन्सरचा बोल्टही सैलच ओवावा. येथवर सारे ‘बसविणे’ झाले. त्यानंतर पुढचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत; एकच नट आधी पिळला तर चकती तिरकी होते. मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. तो आधी आवळल्यास नळी ताणाखाली राहते आणि पॅकिंगवर एका बाजूने भार येतो. किती जोर लावावा हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते; तोच आकडा पाळावा. साधा सिलिकॉन लेप या जागी निरुपयोगी आहे, कारण तेथील उष्णतेत तो जळून जातो.

गळती ओळखण्यास कान पुरेसा आहे. ‘फटफटी’ या शब्दातील ध्वनी मागून, सायलेन्सरच्या तोंडातून यावयास हवा. तो पुढून, चटचट असा येऊ लागला आणि इंजिन तापल्यावर मंदावला, तर धातू प्रसरण पावून फट काही अंशी मिटते, असे समजावे. सांध्याभोवतीची काळी रेघ हाही पुरावाच. मात्र ही परीक्षा उघड्यावर करावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर बेंडातील ऑक्सिजन संवेदकाच्या आधी फट राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन संवेदक फसतो आणि इंजिनास नको तितके पेट्रोल मिळू लागते.

पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण निवू द्यावे आणि पुढचे नट पुन्हा तपासावेत; चेपलेल्या पॅकिंगमुळे ते बहुधा किंचित सैल झालेले आढळतात.