रेघा तांब्याच्या

बंद पडलेला माउस उघडला की आत एक पाटी दिसते आणि तिच्यावर वळणे घेत गेलेल्या बारीक रेघा. या रेघा म्हणजेच तारा. त्या पाटीवर चिकटवतात कशा? खरे तर चिकटवत नाहीत. नको असलेले तांबे तेवढे काढून टाकतात.

कोऱ्या पाटीवर तांब्याचा अखंड थर असतो, साधारण 35 मायक्रॉन जाडीचा. घरी असा बोर्ड करायचा तर 'कीकॅड' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्किटचा नकाशा आखून तो लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. छापील बाजू तांब्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबली की टोनर वितळून तांब्याला चिकटतो. कागद भिजवून सोलायचा आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात बुडवायची. बाटिकमध्ये मेणाखालचे कापड कोरे राहते, तसे टोनरखालचे तांबे वाचते. उघडे तांबे विरघळते. नंतर अ‍ॅसिटोनने टोनर पुसला की लखलखीत रेघा उमटतात. भोके पाडून सुटे भाग सोल्डर केले की बोर्ड तयार!

सुरुवात एका एलईडीच्या सर्किटाने करा आणि रेघा मिलिमीटरभर रुंद ठेवा. हातमोजे व चष्मा हवेतच. वापरलेले द्रावण मात्र मोरीत ओतू नका. त्यातले तांबे माशांना विषारी ठरते.