पाणी नेणारे भांडे

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तेथे दगडांनी बांधलेली एक जुनी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पायऱ्या उतरून माणसे पाण्यापर्यंत जात आणि घागरी भरून वर येत. परंतु पाणी दूरवर न्यावयाचे झाल्यास सोबत चांगले भांडे हवे. म्हणून पूर्वी लोक प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या बरोबर घेत. त्याचे झाकण फिरवले की घट्ट बसे व पाणी सांडत नसे. त्या तांब्याची जागा आज बाटलीने घेतली आहे. चैत्रातील उन्हात शाळेतून पायी परतणाऱ्या मुलाला तिचे मोल चांगले कळते. मग ती बाटली कशी असावी?

पहिला विचार धातूचा. तांब्याचे भांडे टिकाऊ खरे. पण त्यात लिंबाचे सरबत किंवा ताक ठेवू नये. आंबट पदार्थात तांबे विरघळते आणि ते पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. आपल्या घरी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करीत, ती याच कारणासाठी. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर.

स्टेनलेस स्टीलला कल्हई लागत नाही. त्या पोलादात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन क्रोमियमचा एक अदृश्य थर पृष्ठभागावर तयार होतो व तो गंज चढू देत नाही. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा जमतो. बाटलीवर ‘३०४’ हा आकडा असेल, तर त्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल आहे असे समजावे. केंद्र सरकारने २०२३ साली काढलेल्या आदेशानुसार पिण्याच्या पाण्याच्या धातूच्या बाटल्यांवर ‘आयएसआय’ चिन्ह असावे लागते. विकत घेताना ते अवश्य पाहावे.

प्लॅस्टिकची बाटली हलकी व स्वस्त असते. पण सर्व प्लॅस्टिक सारखे नसते. विकतच्या पाण्याची पातळ बाटली एकदाच वापरण्यासाठी केलेली असते. ती वारंवार वापरली की तिला आतून ओरखडे पडतात आणि त्यांत जंतूंना आसरा मिळतो. प्लॅस्टिकच्या कोणत्याही बाटलीत उकळते पाणी ओतू नये व ती उन्हात ठेवू नये.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. कापसाच्या शेतावर कीटकनाशकांचे रिकामे डबे व बाटल्या पडलेल्या दिसतात. त्या कितीही धुतल्या, तरी त्यांत पाणी भरू नये. विषाचा अंश डोळ्यांना दिसत नाही आणि तो जिवावर बेतू शकतो.

आता बाटलीची घडण पाहू. तिचे तोंड घासणी आत जाईल इतके रुंद असावे. जे भांडे आतून घासता येत नाही, ते आतून स्वच्छ आहे की नाही, हे कोणास सांगता येणार? झाकणातील रबरी कडी काढता यावी. कारण तिच्याखालीच बुरशी धरते. दुकानात बाटली पाण्याने भरून काही वेळ उलटी धरावी. एक थेंबही गळता कामा नये.

चांगली बाटली मिळाली, तरी आपले काम संपत नाही. ती रोज घासून, धुऊन, झाकण उघडे ठेवून उपडी करावी. वेळोवेळी गाळ काढला नाही, तर भक्कम बांधलेल्या बारवेचे पाणीही बिघडते. मग लहानशा बाटलीची काय कथा!