वाटाड्याविना भंडारदरा

दिवाळीच्या सुटीत आयोजित सहलीऐवजी आपल्याच पायांनी डोंगर पाहता येतात. हैदराबादहून देवगिरी एक्सप्रेसने नाशिक रोड आणि तेथून घोटीमार्गे भंडारदरा गाठता येते. प्रवरा नदीवर १९२६ साली विल्सन धरण पूर्ण झाले, त्याचाच हा आर्थर जलाशय. काठावरील रतनवाडीत अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर असून वर रतनगड आहे. जवळच महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे.

वाटाड्या नसला की वाट ओळखण्याची जबाबदारी आपली. म्हणून नकाशा घरीच वाचावा, मुलांनाही वाचायला लावावा. कळसूबाईसाठी बारी गावातून पहाटे निघावे. वर लोखंडी शिड्या आहेत. परतण्याची वेळ आधीच ठरवावी आणि शिखर जवळ दिसले तरी ती पाळावी. वाट चुकल्यास पुढे न रेटता शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी यावे. पावसात व धुक्यात मात्र गावातील माणूस सोबत घ्यावाच.

वाट विचारायला मुलांना पुढे करावे. घरात जपलेली मराठी तेथे खरोखर उपयोगी पडते. आमच्या मते या सहलीचा मोठा लाभ हाच.