आपली लाइन आपण घ्यायची, पुढच्याला जोडू द्यायचं



"सर, भांडवल नाही, मग नेटवर्क वाढवायचं कसं?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये हमखास येतो. आज दुकानाचं उदाहरण देत नाही, अमेरिकेतल्या विद्यापीठांचं देतो.

साल 1981. अर्पानेट नावाचं कॉम्प्युटर नेटवर्क तेव्हा होतं, पण ते संरक्षण खात्याच्या पैशांवर चालायचं. त्या खात्याचं संशोधन ज्यांच्याकडे, जवळपास त्यांनाच प्रवेश. बाकीची कॉलेजं बाहेर.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे आयरा फुक्स आणि येलचे ग्रेडन फ्रीमन यांनी आधी घरात काय आहे ते पाहिलं. दोघांकडे आयबीएमचे मोठे कॉम्प्युटर होते. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर त्यांत आधीपासूनच होतं. मग टेलिफोनची एक लाइन भाड्याने घेतली आणि बिटनेट सुरू झालं. यातल्या 'बिट'चा अर्थ सुरुवातीला काय सांगायचे माहितीये? 'आहेच ना ते, म्हणून'!

आता खरी गंमत नियमात आहे. नवीन संस्थेने सर्वात जवळच्या सभासदापर्यंतच्या लाइनचं भाडं स्वतः भरायचं. आणि पुढे निदान एकाला तरी आपल्या मशीनमधून जोडू द्यायचं. मेसेजमागे पैसे नाहीत. म्हणजे बघा, लाइन टाकायचा खर्च कुठल्याच हेड ऑफिसवर पडत नाही. उलट, प्रत्येक नवीन सभासदामुळे पुढच्याचं अंतर कमी होतं, भाडंही कमी. (लगेच एमएलएम आठवलं ना? नाही हो, इथे वरच्याला कमिशन नव्हतं.) दहा वर्षांत जवळजवळ 500 संस्था आणि 3000 कॉम्प्युटर जोडले गेले.

वेग मात्र सेकंदाला 9600 बिट. आजच्या मोबाइलमधला 3 एमबीचा एक फोटो एका लाइनवरून जायला 40 मिनिटांच्या वर लागली असती.

आणि याच नियमात दुखणंही होतं. दोन ठिकाणांमध्ये रस्ता एकच. मधल्या कॉलेजचं मशीन बंद पडलं की पलीकडे जाणारं सगळं टपाल अलीकडेच थांबून राहायचं. इंटरनेटला पर्यायी रस्ते होते, म्हणून विद्यापीठं तिकडे वळली. 1996 मध्ये बिटनेट चालवणाऱ्या संस्थेने हात काढून घेतला.

एक गोष्ट मात्र टिकली. एका पत्त्यावर मेल टाकला की गटातल्या सगळ्यांना जातो, ती सोय सांभाळणारा लिस्टसर्व्ह हा प्रोग्रॅम. पॅरिसमधल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने तो 1986 मध्ये याच नेटवर्कसाठी लिहिला. पुढे त्याने त्याचीच कंपनी काढली.