निवासी शाळेचे आवार : सावली आणि सुरक्षितता

विदर्भ-मराठवाड्यात मार्च उजाडला की दुपारचे मैदान ओस पडू लागते. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात पाऱ्याने ४५ अंशांची रेषा ओलांडणे नवे नाही. विदर्भातील शाळा जूनमध्ये राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्याचे कारणही हेच. गावातील शाळेचे मूल घंटा झाली की घरी जाते. निवासी शाळेच्या मुलाला मात्र आवार हेच अंगण असते. म्हणून तेथे काय लावावे आणि कोठे लावावे, हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

माजी विद्यार्थी आणि हितचिंतक शाळेसाठी सढळ हाताने देणगी देतात. तिचे रूपांतर अलीकडे बहुधा पेव्हर ब्लॉक, हिरवळ आणि बॉटल पामच्या रांगा यांत होते. सद्भावनेविषयी शंका नाही, निवडीविषयी आहे. पेव्हर ब्लॉक दुपारी तापतात आणि सूर्यास्तानंतरही उष्णता सोडत राहतात. हिरवळ ऐन टंचाईत टँकरचे पाणी पिते. बॉटल पामच्या सावलीत तर एक मूलही नीट बसू शकत नाही. त्याच पैशांत पाचपंचवीस कडुनिंब दोन उन्हाळे जगवता येतात.

झाड लावण्यापूर्वी सूर्याची वाट पाहावी. दुपारी दोननंतरचे ऊन पश्चिमेकडून येते आणि वसतिगृहाची पश्चिम भिंत तापवते. तीच भिंत रात्री खोलीत उष्णता सोडते आणि मुलांची झोप मोडते. तेव्हा सावलीची पहिली रांग पश्चिमेला व नैर्ऋत्येला हवी. कडुनिंब आणि करंज ही झाडे जुनी पाने गाळून उन्हाळ्याच्या आरंभीच नवी पालवी धरतात, म्हणजे गरज असते तेव्हा सावली देतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर फुलला की डोळ्यांचे पारणे फेडतो. पण नेमक्या कडक उन्हात तो बराचसा निष्पर्ण असतो आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या ठिसूळ फांद्या मोडतात. त्याला फाटकापाशी जागा द्यावी, खेळाच्या मैदानावर नव्हे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मोठ्या झाडाची मुळे ओल शोषून ही क्रिया वाढवतात आणि जवळच्या भिंतींना तडे जातात. म्हणून कडुनिंब, करंज भिंतीपासून किमान १५ ते २० फूट दूर लावावेत. वड-पिंपळ त्याहून पुष्कळ लांब.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक नोंद केल्यावाचून राहवत नाही. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात सम्राट अशोक सांगतो की, पशूंना व माणसांना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावले. आमराया आणि विहिरी यांचा उल्लेख त्यानंतर येतो.

खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून तापू द्यावेत आणि एकदोन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. पुढचे दोन उन्हाळे हीच खरी परीक्षा. रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत थेट मुळांशी जाते. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी एवीतेवी गटारात जाते, तेही कामी येईल.

बुंध्याभोवती पालापाचोळा पसरला की ओल टिकते. परंतु तोच पालापाचोळा, विटा, सरपण वसतिगृहाच्या भिंतीलगत साचले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. भिंतीभोवती दहाएक फुटांचा पट्टा मोकळा, झाडलेला असावा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की मूल पुष्कळदा जागेही होत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे मुलाचे पोट दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर अधीक्षकांच्या मनात प्रथम मण्यारीची शंका यावी. खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावर सोपा प्रतिबंध आहे. दंशावर आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे एक क्षणही घालवू नये. अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर तेथील एकच प्रतिविष लस चालते. विंचवाबाबतही तेच. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि जीवघेणा समजला जाणारा हा दंश बरा होऊ लागला. पण मूल वेळेत पोहोचले पाहिजे.

कुंपणाकडेही एकदा पाहावे. गुरे खात नाहीत म्हणून चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड, कुंपणाला लावण्याची पद्धत आहे. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होतात. पिवळ्या कण्हेरीच्या बियांचे विष तर हृदयावर परिणाम करते. दोन्ही मुळासकट काढून मेंदीचे कुंपण करावे.

शारीरिक शिक्षणाचा तास सकाळी नऊपूर्वी आटोपावा. उन्हात मूल असंबद्ध बोलू लागले किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, ती येईपर्यंत थांबून न राहता, त्याला सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. विजा कडाडू लागल्या की मात्र हीच सावलीची झाडे सोडून सर्वांनी इमारतीत जावे, हे मुलांना पहिल्या वळवाआधीच सांगून ठेवावे.

ज्यांना यंदा झाडासाठी देणगी द्यावयाची आहे, त्यांनी रोपाबरोबर दोन उन्हाळ्यांचे पाणी आणि ते घालणाऱ्याची मजुरीही हिशेबात धरावी.