करमणुकीचीं लुप्त दुकानें

शनिवार पेठेंत ओंकारेश्वराच्या बाजूनें अप्पा बळवंत चौकाकडे चालत जाणाऱ्या मनुष्यास आज पुस्तकें, वह्या, चष्मे, औषधें, मिठाई, मोबाइलचीं वेष्टनें, असें सर्व कांहीं वाटेंत मिळतें. परंतु पंचवीसतीस वर्षांपूर्वीं याच वाटेवर व तिच्या आसपासच्या बोळांत जीं एका विशिष्ट प्रकारचीं दुकानें होतीं, तीं आतां दृष्टीस पडत नाहींत. त्या दुकानांत करमणूक भाड्यानें मिळे. कांहींच्या पाटीवर ‘व्हिडिओ लायब्ररी’ असें लिहिलेलें असे, कांहींच्या पाटीवर ‘टीव्ही गेम भाड्यानें मिळतील’ अशी ओळ असे, व पुष्कळ ठिकाणीं एकाच फळीवर दोन्ही प्रकारचा माल नांदत असे. आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप या दुकानांविषयीं बोलूं लागले म्हणजे त्यांचा स्वर एकदम मऊ होतो, आणि मुलें एकमेकांकडे पाहून हंसतात. हा मऊपणा कशासाठीं, आणि हीं दुकानें गेलीं तीं कशानें, याचा थोडा उलगडा करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चित्रपट घरीं आणून पाहतां येईल ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. जपानांतील जे.व्ही.सी. या कंपनीनें व्ही.एच.एस. पद्धतीचें यंत्र १९७६ सालीं बाजारांत आणलें. पुढें १९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्या निमित्तानें आपलें दूरदर्शन रंगीत झालें, आणि रंगीत संचांच्या पाठोपाठ व्ही.सी.आर. हें यंत्र घरांत शिरलें. शिरलें म्हणजे श्रीमंतांच्या घरांत. मध्यम स्थितींतल्या कुटुंबास तें विकत घेणें शक्य नव्हतें. म्हणून लायब्ररीवाला यंत्र, जोडण्याच्या तारा व दोनतीन चित्रपट असें सर्व एका रात्रीपुरतें भाड्यानें देत असे. मग वाड्यांतील सर्व बिऱ्हाडें एका खोलींत जमत आणि भाड्याचा पैसा वसूल व्हावा म्हणून उजाडेपर्यंत जागत. पहांटेच्या तिसऱ्या चित्रपटाची कथा सहसा कोणासच आठवत नसे.

या फितीची रचना मोठ्या युक्तीची होती व ती विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. चित्र चुंबकीय फितीवर उतरवावयाचें तर टोंक व फीत यांचा परस्परवेग सेकंदास पांच मीटरांच्या आसपास असावा लागतो. फीत नुसती सरळ त्या वेगानें पळविली असती तर तीन तासांच्या एका चित्रपटास पन्नास किलोमीटरांहून अधिक फीत लागली असती! त्यावर तोड अशी काढली कीं, फीत सावकाश, म्हणजे सेकंदास सुमारें २.३ सेंटिमीटर इतकीच सरकावी, आणि जें वाटोळें नळकांडें तिच्या आड तिरपें बसविलेलें असे त्यानें मिनिटास १,५०० फेरे घ्यावे. नळकांड्यावरील टोंक फितीवर तिरप्या रेघा ओढीत जाई व एकेका रेघेंत एकेक अर्धें चित्र सांठवी. त्यामुळें तोच चित्रपट अडीचशें मीटर फितींत मावला. पडद्यावर मुंग्या दिसूं लागल्या म्हणजे ‘हेड खराब झालें’ असें जें लोक म्हणत, तें हेंच टोंक. कॅसेट परत करतांना ती उलटी गुंडाळून द्यावी असा दंडक असे; तो मोडणाऱ्यास दुकानदार पुढच्या वेळीं मुद्दाम जुनी, घासलेली प्रत देत असे असें म्हणतात, आणि तें खोटें वाटत नाहीं.

टीव्ही गेमची कथा निराळी आहे. निंटेंडो ही क्योटो शहरांतील कंपनी मुळांत १८८९ सालीं पत्ते तयार करण्यासाठीं निघाली. तिनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें खेळांचें यंत्र जपानांत विक्रीस ठेवलें. आपल्या पेठेंतील मुलांनीं हें नांव बहुधा ऐकलेलेंहि नसेल. त्यांच्या हातीं आलीं तीं समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नांवांचीं त्याच जातीचीं यंत्रें. खेळ ज्या चौकोनी डबीत येई तिला सर्वजण ‘कॅसेट’च म्हणत, जरी तिच्यांत फीत मुळींच नव्हती. आंत एक लहानशी पाटी व तिच्यावर एकदोन चिपा, एवढेंच.

त्या चिपांत किती थोडी जागा होती हें सांगितलें तर आजचीं मुलें विश्वास ठेवणार नाहींत. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ सगळा मिळून ४० किलोबाइटांचा आहे. हल्लींच्या मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्रास त्याच्या पन्नासपट तरी जागा लागते. एवढ्याशा जागेंत बत्तीस टप्प्यांचें जग बसवावयाचें म्हणून कर्त्यांनीं काटकसरीची कमाल केली. त्या खेळांतील आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप हें एकच चित्र आहे. ढग पांढरा रंगविला आणि झुडूप हिरवें, इतकाच भेद. शेंकडों मुलांनीं शेंकडों वेळां तीं दोन्ही पाहिलीं, पण हें साम्य फार थोड्यांच्या लक्षांत आलें असेल.

‘एका कॅसेटींत ९९९९ खेळ’ अशी चिठ्ठी पाहून मुलें हुरळून जात. तपास केला म्हणजे खरे खेळ थोडेच निघत, आणि पुढें तेच खेळ दुसऱ्या टप्प्यापासून, तिसऱ्या टप्प्यापासून, निराळ्या नांवानें पुन्हांपुन्हां दिलेले असत. लहान वयांत जाहिरातीची परीक्षा करण्याचा हा पहिला धडा पुष्कळांस या दुकानांनींच दिला. दुसरी एक सार्वत्रिक समजूत अशी कीं, खेळ सुरू झाला नाहीं तर कॅसेटींत फुंकर मारावी. फुंकरीनें कांहींहि होत नसे. कॅसेट काढून पुन्हां बसविली म्हणजे धातूच्या पट्ट्यांचा स्पर्श नीट जुळे व श्रेय फुंकरीस मिळे. उलट श्वासांतील ओलाव्यानें त्या पट्ट्या हळूंहळू गंजत.

यंत्राबरोबर एक बंदूकहि येई, व तिनें पडद्यावरचीं बदकें मारतां येत. तिच्यांतून गोळी तर राहोच, प्रकाशहि बाहेर पडत नसे. घोडा दाबतांच पडदा क्षणमात्र काळा होई आणि बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळींतील प्रकाशग्राही डोळ्यास तो चौकोन दिसला तर नेम लागला असें यंत्र समजे. ही क्रिया जुन्या कांचेच्या, पाठीमागें फुगीर असलेल्या दूरदर्शन संचाच्या वेगाशीं इतकी बांधलेली होती कीं आजच्या चपट्या पडद्यावर ती बंदूक निरुपयोगी होते. म्हणजे यंत्र जपून ठेविलें, कॅसेट जपून ठेविली, तरी शेजारचा संच भंगारांत गेला कीं खेळ संपला. हा मुद्दा पुढें पुन्हां येणार आहे.

दुकानदाराविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्याच्याजवळ एक लांबट वही असे, तींत नांव, बिऱ्हाड, घेतल्याचा दिवस व डिपॉझिट. नव्या गिऱ्हाइकाकडून डिपॉझिट घेतलें जाई; ओळखीच्याकडून ‘अमक्यांचा मुलगा ना?’ एवढ्या प्रश्नावर काम भागे. कोणास कोणता चित्रपट रुचेल, कोणता खेळ कोणत्या वयास झेपेल, हें तो तोंडपाठ सांगे, आणि वडिलांस कळवीन अशा धाकावर कांहीं कॅसेटी मुलांना मुळींच देत नसे. आज जें काम यंत्रांतील गणित करतें तें तो करीत होता. भेद इतकाच कीं त्यास गिऱ्हाईक संध्याकाळीं रस्त्यांत भेटणार असे. अर्थात् या आठवणींस सरसकट सोनेरी रंग देणें बरोबर नाहीं. त्या अरुंद जागा बहुतेक मुलांच्याच असत. मुलींस तेथें ताटकळत उभें राहणें अवघड वाटे, व पुष्कळींनीं आपल्या भावाच्या आवडीचेच खेळ खेळले. शिवाय माल पुष्कळसा चोरीचा होता. प्रताधिकाराचा १९५७ सालचा कायदा १९८४ मध्यें दुरुस्त करून चित्रफितींच्या चोरीस शिक्षा वाढविली गेली, ती उगीच नव्हे. लिहिणाऱ्यास, गाणाऱ्यास व खेळ रचणाऱ्यास या व्यवहारांतून बहुधा कांहींच पोहोंचत नसे.

मग हीं दुकानें बंद कां पडलीं? एकाच घावानें नव्हे. १९९१ नंतर केबल आली, १९९२ च्या ऑक्टोबरांत झी वाहिनी सुरू झाली, आणि रोज रात्रीं घरबसल्या चित्रपट दिसूं लागल्यावर चित्रफितीचें भाडें जड वाटूं लागलें. त्यानंतर तबकड्यांचा काळ आला. व्ही.सी.डी.च्या एका तबकडींत ७४ मिनिटें मावत, म्हणून एक हिंदी चित्रपट दोनतीन तबकड्यांवर येई. पण तिची नक्कल करणें इतकें सोपें व स्वस्त होतें कीं भाड्यानें आणण्यापेक्षां विकत घेणेंच परवडे. जो दुकानदार भाड्यावर जगत होता त्याच्या पायांखालची जमीन येथेंच सरकली. कांहींनीं संगणक मांडून मुलांस तासावर खेळूं दिलें, व तोहि धंदा दहापंधरा वर्षें चालला. पुढें घरोघरीं ब्रॉडबँड आलें, आणि २०१६ सालीं मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झालें, तेव्हां उरलेल्यांनींहि फळ्या काढल्या. त्याच वर्षीं जपानांतील फुनाई कंपनीनें व्ही.सी.आर. तयार करणें थांबविलें. याशिवाय एक कारण पेठेपुरतें आहे. हीं दुकानें जुन्या वाड्यांच्या ओसरींत, जिन्याखालीं, दिंडीदरवाज्याच्या कडेस अशा जागांत होतीं, आणि तसे वाडे पाडून इमारती उठल्यावर तेवढ्या लहान व तेवढ्या स्वस्त जागा राहिल्या नाहींत.

आपल्याच गांवांत हें घडलें असें नाहीं. अमेरिकेंत १९८५ सालीं निघालेल्या ब्लॉकबस्टर कंपनीचीं ऐन भरांत नऊ हजारांहून अधिक दुकानें होतीं. २०१० मध्यें तिचें दिवाळें वाजलें व २०१९ नंतर त्या नांवाचें एकच दुकान ऑरेगॉन राज्यांतील बेंड गांवीं उरलें. मुंबईंत काळा घोड्याजवळचें ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालें. पुण्यांतील अलूरकर म्युझिक हाऊस, ज्यानें थोर गवयांच्या मैफली ध्वनिफितींवर आणल्या, तेंहि गेलें. त्यापूर्वींची पिढी अशाच तऱ्हेनें आर्यन चित्रपटगृहासाठीं हळहळली होती. गंगाधरपंत पाठकांनीं मंडईजवळ १९१५ सालीं काढलेलें तें पुण्याचें पहिलें चित्रपटगृह १९८३ मध्यें बंद झालें. अप्पा बळवंत चौकाजवळील ‘प्रभात’ची पाटी १९३४ पासून २०१४ अखेरपर्यंत टिकली, आणि ती उतरल्यावरहि त्याच वास्तूंत किबे लक्ष्मी या नांवानें खेळ पुन्हां सुरू झाले. चित्रपटगृहास वास्तु असते, म्हणून त्याची दखल घेतली जाते. जिन्याखालच्या लायब्ररीस कसलीच वास्तु नव्हती.

हळहळ ही त्या त्या पिढीची खाजगी बाब म्हणून सोडून देतां येईल; आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे. दुकानांतून आणलेली कॅसेट हातांत असे. ती विकत घेतलेली असली तर ती आपली. शेजाऱ्यास द्यावी, मुलांस ठेवावी. आज पैसे भरून जो खेळ मिळतो तो बहुधा वापरण्याची परवानगी मात्र असतो, आणि परवानगी मागें घेतां येते. भारत सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ हा खेळ होता; तीं ॲपें बंद करण्याचे कारण काय तें असो, कोट्यवधि लोकांच्या हातांतून तो खेळ कांहीं आठवड्यांत नाहींसा झाला. निंटेंडोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीं चालविलेलें इंटरनेटवरील दुकान २७ मार्च २०२३ रोजीं बंद केलें, आणि जे खेळ केवळ तेथेंच मिळत होते ते नव्यानें विकत घेण्याचा मार्ग संपला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें पाहणी करून असें दाखविलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आतां बाजारांत उपलब्ध नाहींत.

चित्रपटांच्या बाबतींत आपण हा अनुभव घेतलेलाच आहे. मूकपटांच्या काळांतील बहुतेक भारतीय चित्रपट नष्ट झाले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चेहि कांहीं भागच हातीं लागले. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें व पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून, गोदामें व माळे धुंडाळून डबे जमविले, म्हणून जें कांहीं उरलें तें उरलें. खेळांसाठीं असा कोणी नायर आपल्याकडे अद्याप निघालेला नाहीं, आणि खेळाचें जतन चित्रपटापेक्षां अवघड आहे, कारण वर सांगितलेल्या बंदुकीप्रमाणें यंत्र, पडदा व कॅसेट हीं तिन्ही बरोबर लागतात.

ज्यांच्या माळ्यावर असा माल पडून असेल त्यांनीं तो टाकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावा. विशेषतः लग्नमुंजींच्या चित्रफितींची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसते. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये. बुरशी टोंकास लागून पुढच्या प्रत्येक फितीवर पसरते. चांगल्या फिती पूर्ण एका बाजूस गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या जागीं ठेवाव्या, आणि पावसाळ्यापूर्वींच संगणकावर उतरवून घ्याव्या. चालू स्थितींतलें यंत्र शनिवार पेठेलगतच्या तपकीर गल्लींत चौकशी केल्यास एकाद्या दुरुस्तीवाल्याकडे मिळूं शकतें. खेळाच्या कॅसेटींच्या पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलांत बुडविलेल्या कापसाच्या काडीनें हलक्या हातानें पुसाव्या. आणि फुंकर मारूं नये.