नेमबाजीच्या पिस्तुलाची निवड व जुळवणी

नेमबाजीच्या क्रीडेत नव्याने उतरणारा विद्यार्थी जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा असा असतो : पिस्तूल कोणते घ्यावे ? या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले असते. पिस्तूल जितके मोलाचे तितके गुण अधिक, हे ते गृहीत होय. परदेशी बनावटीचे स्पर्धायोग्य पिस्तूल घ्यावयाचे तर मध्यम स्थितीतील कुटुंबाला मोठी रक्कम उभी करावी लागते. तेव्हा हे गृहीत कितपत खरे आहे, याची तपासणी केवळ शास्त्रीय कुतूहलापुरती राहत नाही. प्रस्तुत लेखात १० मीटर अंतरावरील हवेच्या पिस्तुलाचा विचार मुख्यतः केला आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिक स्पर्धांत समाविष्ट आहे आणि आपल्याकडील बहुतेक विद्यार्थी पिस्तूल-नेमबाजीचा आरंभ याच प्रकाराने करतात.

लक्ष्याचे मोजमाप

या प्रकारात नेमबाज उभे राहून, एकाच हाताने, कोणताही आधार न घेता ४·५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा मारतो. मुख्य फेरीत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारावयाचे असतात. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११·५ मिलिमीटर असून पुढील प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या ८ मिलिमीटरने वाढत जाते. छर्ऱ्याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरांच्या आत असला की दहा गुण पदरात पडतात. हा ८ मिलिमीटरांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

चुकीचे दोन प्रकार

हातात धरलेले पिस्तूल कधीही पूर्ण स्थिर राहत नाही. त्याची हालचाल दोन प्रकारची असते. संपूर्ण पिस्तूल आहे त्याच दिशेत राहून वर-खाली किंवा बाजूला सरकते, तेव्हा होणारी चूक समांतर असते. नळीचे तोंड पिस्तुलाच्या मागील भागाच्या तुलनेने वळते, तेव्हा होणारी चूक कोनीय असते.

पिस्तूल ३ मिलिमीटर समांतर सरकले तर छर्राही लक्ष्यावर ३ मिलिमीटरच सरकतो. कोनीय चुकीचा हिशेब मात्र निराळा आहे. नळीच्या टोकाकडील माशी आणि मागील खाच यांत ३२० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. माशी खाचेच्या मध्यातून १ मिलिमीटर ढळली, तर १० मीटरांवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरांवर, ती चूक सुमारे ३१ मिलिमीटर होते. उलट हिशेब केला तर असे दिसते की, माशी सुमारे पाव मिलिमीटर ढळताच ८ मिलिमीटरांची मर्यादा संपते व दहा गुण हातचे जातात. हात थरथरतो म्हणून नवशिका घाबरतो. परंतु त्याचे खरे नुकसान मनगट आणि बोट यांतून उपजणारी कोनीय चूक करीत असते. पिस्तुलाची जुळवणी म्हणजे वस्तुतः ही कोनीय चूक रोखण्याचा उद्योग होय.

पिस्तुलाचा वाटा किती ?

छर्ऱ्यांच्या विखुरण्याची दोन कारणे मानू : एक नेमबाजाची अस्थिरता आणि दुसरे पिस्तूल व छर्रे यांतील असमानता. ही दोन कारणे परस्परांशी संबद्ध नसल्याने त्यांची साधी बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. एखाद्या नवशिक्याचे प्रमाण विचलन प्रत्येक दिशेत १० मिलिमीटर आणि त्याच्या साध्या पण सुस्थितीतील पिस्तुलाचे २ मिलिमीटर आहे असे उदाहरणादाखल धरू. दोहोंचे एकत्रित विचलन १०४ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १०·२ मिलिमीटर येते. आता त्याने दुप्पट अचूक, म्हणजे १ मिलिमीटर विचलनाचे पिस्तूल घेतले, तर ते १०·०५ मिलिमीटरांवर येते. विखुरणे प्रसामान्य व लक्ष्यमध्याभोवती आहे असे मानल्यास ६० छर्ऱ्यांत पूर्वी सरासरी १५·९ वेळा दहा गुण मिळत होते, ते आता १६·३ वेळा मिळतील. सर्व खर्चाचे फळ अर्ध्या छर्ऱ्याहूनही कमी !

त्याच नवशिक्याने जुनेच पिस्तूल ठेवून मूठ, तोल व चाप यांची नीट जुळवणी केली आणि सराव करून स्वतःचे विचलन १० वरून ८ मिलिमीटरांवर आणले, तर ६० पैकी सुमारे २२·५ छर्रे दहा गुणांच्या क्षेत्रात पडतील.

परंतु यावरून चांगले पिस्तूल निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ज्याचे स्वतःचे विचलन ४ मिलिमीटर आहे अशा निष्णात नेमबाजाचा हिशेब पाहा. २ मिलिमीटरांच्या पिस्तुलाने त्याचे सुमारे ४८ छर्रे दहावर लागतील, १ मिलिमीटरच्या पिस्तुलाने सुमारे ५१. तीन गुणांचा हा फरक अंतिम फेरीत प्रवेश मिळणे वा न मिळणे ठरवू शकतो. तात्पर्य, पिस्तुलाची किंमत नेमबाजाच्या प्रगतीबरोबर सार्थ होत जाते. तिच्या आधी नव्हे.

मूठ

जुळवणीचा आरंभ मुठीपासून करावा, कारण पिस्तूल आणि शरीर यांचा सांधा तोच आहे. परीक्षा सोपी आहे. पिस्तूल नेहमीप्रमाणे धरावे, डोळे मिटावे, हात लक्ष्याच्या दिशेने उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यात दिसली तर मूठ हाताला बसली आहे. दर वेळी माशी एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्यात आणण्याचा मोह टाळावा. असे वळवलेले मनगट थकव्याच्या क्षणी मूळ जागी परतते आणि त्याबरोबर छर्राही जातो. त्याऐवजी मुठीचा कोन बदलावा, कानशीने लाकूड थोडे थोडे काढावे किंवा पोकळ जागी लाकडाची लांबी भरावी. तळहाताखालील फळी हात सैल राहू नये इतपतच वर घ्यावी. मुठीने मनगटाला आधार देणे नियमबाह्य आहे. उष्ण हवेत हात किंचित फुगतो व घामतो. म्हणून मूठ केवळ सकाळच्या गारव्यात जुळवून थांबू नये.

तोल

पिस्तुलाचे एकूण वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालते. पुष्कळशी पिस्तुले १ किलोग्रॅमच्या आसपास असतात. नळीखाली लहान वजने जोडून तोल पुढे नेता येतो. २० ग्रॅमचे वजन मनगटापासून १०० मिलिमीटरांवरून २०० मिलिमीटरांवर नेले, तर मनगटावरील त्याचा ओढा दुप्पट होतो. परंतु वळण्याला होणारा त्याचा विरोध, म्हणजे जडत्व आघूर्ण, चौपट होतो. थोड्या वजनाने बरीच स्थिरता मिळते ती यामुळे. मात्र हे ऋण शेवटच्या वीस छर्ऱ्यांत फेडावे लागते. म्हणून वजनाचा निर्णय पहिल्या दहा छर्ऱ्यांवरून न घेता पूर्ण ६० छर्ऱ्यांच्या सरावानंतर घ्यावा.

प्रकार बदलला की हा विचारही बदलतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद टप्प्यात लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर येते आणि तेवढ्यात हात उचलून गोळी झाडावी लागते. तेथे जड तोंडाचे पिस्तूल उशिरा थांबते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

माशी आणि खाच

डोळा एकाच वेळी माशी व लक्ष्य या दोहोंवर स्थिर होऊ शकत नाही. वर सांगितलेल्या हिशेबावरून कोणाचा त्याग करावा हे उघड आहे : माशी स्वच्छ दिसावी, लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल. म्हणूनच अनेक नेमबाज काळ्या वर्तुळावर नेम न धरता त्याच्या खाली पांढऱ्या भागात धरतात आणि खाच त्याप्रमाणे वर-खाली करून घेतात. माशीच्या दोन्ही बाजूंस खाचेत दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या समान असाव्यात. त्या फार रुंद असल्या तर माशीचे ढळणे डोळ्याला उशिरा कळते. फार अरुंद असल्या तर डोळा शिणतो व नेमबाज नेम धरून खोळंबतो. मंद प्रकाशाच्या सभागृहात खाच थोडी रुंद करणे हितावह असते. चष्मा लागणाऱ्याने माशीच्या अंतराला अनुरूप भिंग नेत्रतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.

चाप

नियमानुसार चापाचा भार ५०० ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. नळी उभी धरून चापाने ५०० ग्रॅमचे वजन उचलून दाखवावे लागते. म्हणजे सुमारे १ किलोग्रॅमचे पिस्तूल हवेत स्थिर ठेवून त्याच हाताच्या एका बोटाने त्याच्या निम्म्या वजनाइतका जोर लावावयाचा आहे. हा जोर नळीच्या रेषेत सरळ मागे न जाता १० अंशांनी तिरपा गेला, तर सुमारे ८७ ग्रॅमचा जोर पिस्तुलाला बाजूस ढकलतो. माशीने पाव मिलिमीटर ढळण्यास तेवढे पुरेसे आहे. म्हणून चापाची पट्टी पुढे-मागे व तिरपी करून बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य तिच्यावर सरळ टेकेल अशी ठेवावी.

चापाची चाल दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात बहुतेक भार उचलला जावा आणि दुसऱ्यात थोडा उरावा, म्हणजे अखेरच्या क्षणी बोटाला नवा जोर करावा लागत नाही. चाप सुटल्यानंतरची मोकळी चाल अल्प असावी. एकूण भार अगदी ५०० वर न ठेवता १०-१५ ग्रॅम अधिक ठेवावा. झीज किंवा हवामान यांमुळे तो मर्यादेखाली गेल्यास स्पर्धेच्या दारातूनच परत फिरावे लागेल.

छर्रे आणि त्यांची परीक्षा

छर्ऱ्यांच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरच्या शतांश भागाने भिन्न असतो व प्रत्येक नळीला त्यांतील एखादाच विशेष मानवतो. तो निवडण्यासाठी पिस्तूल शिकंजात घट्ट बसवून छर्रे मारतात. येथे एक चूक सार्वत्रिक आहे : पाच छर्ऱ्यांचा एक सुंदर पुंजका पाहून डब्यांची राशी विकत घेणे. पाच छर्ऱ्यांत योगायोगाला पुष्कळ वाव असतो. प्रत्येक जातीचे निदान चार-पाच पुंजके आलटून पालटून मारावेत व त्यांच्या सरासरीची तुलना करावी.

यंत्राचा भरवसा

अचूकतेइतकाच विश्वासार्हतेलाही मान द्यावा लागतो. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा भाग मोडला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, तरीही त्यांनी ५७५ गुण मिळवले. मात्र अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. मोठ्या नेमबाजालाही टाळता न आलेली ही आपत्ती सामान्य नेमबाजाने गृहीतच धरावी. हवेच्या नळकांड्याची मुदत, रबरी कड्या व स्क्रू यांची नियमित तपासणी करावी आणि शक्य असल्यास दुसरे जुळवलेले पिस्तूल जवळ ठेवावे.

समारोप

जुळवणीचा क्रम मूठ, तोल, दृष्टी, चाप आणि मग छर्रे असा असावा. एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह वहीत टिपावा आणि निदान काही पूर्ण सरावांनंतरच त्याचा निवाडा करावा. दोन बदल एकदम केले तर सुधारणेचे श्रेय कोणाला आणि बिघाडाचा दोष कोणाला, हे कधीच कळत नाही. आरंभी दिलेल्या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल : सुस्थितीतील, हाताला जुळवता येणारे, शक्य तर वापरलेले पिस्तूल प्रथम घ्यावे आणि आपले विखुरणे वहीत मोजीत जावे. ते विखुरणे पिस्तुलाच्या विखुरण्याच्या जवळ येऊ लागेल, त्या दिवशी अधिक मोलाच्या पिस्तुलाचा विचार करावा.